दहापैकी साडेआठ

चार स्क्रू काढून त्याने ताईच्या मिनी पीसीच्या डब्याचं खालचं झाकण उचललं आणि आतल्या पट्टीवर बोट फिरवलं. पट्टी कोरी होती. तिच्यावर कंपनीचं नाव नव्हतं, शिक्का नव्हता. हिरव्या पाठीवर दोन काळ्या चिपा आणि कोपऱ्यात वाकडा चिकटवलेला बारकोड, झालं. मिनी पीसीत माणूस जे जे ठेवतो ते सगळं या बोटभर पट्टीवर राहतं. वर्षभरापूर्वी याच मॉडेलचा डबा त्याने तपासला होता तेव्हा आतल्या पट्टीवर एका नावाजलेल्या कंपनीचं निळं लेबल होतं, हे त्याला लख्ख आठवत होतं. आठवलं नसतं तरी सुटका नव्हती. समोरच्या भिंतीवर, ताईच्या शिलाई मशीनच्या बरोबर वर, त्याच्याच लेखाचं छापून काढलेलं पान चार टाचण्यांनी लावलेलं होतं. मथळा त्यानेच दिलेला: 'तळहाताएवढा डबा, टेबलाएवढं काम'. तळाशी गुण, दहापैकी साडेआठ. त्या साडेआठभोवती ताईने लाल पेनने गोल काढला होता आणि बाजूला बाण करून लिहिलं होतं, 'माझा भाऊ'.

"कव्हरमुळे झालं का रे?" ताईने विचारलं. ती त्याच्या खांद्यामागे उभी होती, गळ्यात मापाची टेप, हातात ते कव्हर. शिवणाच्या खोलीत दिवसभर कापडाचे तंतू उडतात, म्हणून तिने त्या डब्यासाठी कव्हर शिवलं होतं. आत कापसाचा पातळ थर, कडेला पायपिंग, मागे वायरींसाठी काजं. इतकं नेटकं की कारखान्यातून डब्याबरोबरच आलं असावं. आता मात्र त्याच्या शिवणी उसवलेल्या होत्या. डबा बंद पडला त्या दिवशी तिने बसल्या बैठकीला ते कव्हर उसवून टाकलं होतं. "काम झालं की बंद करायचे, गार होऊ द्यायचे, मगच घालायचे. पण एखाद्या दिवशी चालू असतानाच राहिलं असेल का? घुसमटलं असेल का आत?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं: "असू शकतं. उष्णतेनं होतं असं कधीकधी."

वाक्य खोटं नव्हतं, हीच त्यातली नीच गोष्ट. उष्णतेने यंत्रं मरतात, हे कुठलंही पोर सांगेल. आपण खोटं बोललो नाही असं म्हणायला जागा राहील इतपत खरं त्याने बोलून घेतलं होतं, आणि असलं खरं बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याचा धंदाच तो होता. ताईने मान हलवली. "वाटलंच मला," असं काहीतरी ती पुटपुटली आणि उसवलेलं कव्हर तिने घडी घालून चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. मग ती चहा टाकायला आत गेली, आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत राहिला. गिऱ्हाइकांपैकी चौदा जणांना फोन करून झालेत, अजून शंभरच्या वर राहिलेत, आणि त्या घड्याळवाल्या काकांना कमी ऐकू येतं, त्यांना तर तीनदा ओरडून सांगावं लागलं, काका, चूक माझी, माझी चूक! "सगळ्या बिल्डिंगने ऐकलं बघ. वरची बाई जिन्यात विचारत होती, काय चुकलं हो तुमचं?" ताई हसली. त्यालाही हसावं लागलं. चहा त्याने संपवला.

काय गेलं होतं ते नीट सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते मापांचं बाड वाटेल. ताईने तीस वर्षं एका इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत काढली. फाटक्या चादरी सांधायच्या, गाऊनचे बंद लावायचे. तिथून माणसं घरी जाताना तिला दिसत. एकाचा खांदा गेलेला, एकीच्या पाठीला पट्टा, कुणाच्या पोटाला पिशवी, कुणी कायमचा चाकाच्या खुर्चीत. दुकानातला एक शर्ट त्यांच्या अंगावर बसेल तर शपथ. नोकरी संपल्यावर ताईने त्यांचे कपडे शिवायला घेतले. खुर्चीत बसणाऱ्याची विजार मागून उंच आणि पुढून आखूड असावी लागते. एकच हात चालणाऱ्याला गुंड्या चालत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकेका माणसाची बेतणी ती खाकी कागदावर काढून ठेवी. बारा वर्षांत असे एकशे सव्वीस जणांचे कागद साठले, गुंडाळ्या करून छताखाली टांगलेले. पण मापांपेक्षा महाग होतं ते माप घेऊ देणं. ही माणसं आरशासमोर उभी राहत नसत, ती ताईसमोर एकदा उभी राहिली होती. एकदाच. "पुन्हा कपडे उतरवायला लावणार नाही तुम्हाला," हा शब्द ताईने प्रत्येकाला दिलेला होता. एकदा बेतणी झाली की पुढचे कपडे नुसत्या फोनवर.

आणि ते कागद टाकायला कुणी सांगितलं? यानेच. "कसर लागतेय, ओल येतेय, कशाला हा पसारा जपतेस? स्कॅन कर आणि दे रद्दीत. एखादा छोटा पीसी घे." कुठला घ्यावा हे मात्र तिने त्याला विचारलं नाही. भाऊ कामात असतो, लहानसहान गोष्टींसाठी त्याला कशाला त्रास, म्हणून तिने त्याचं लिहिलेलंच वाचलं, आणि त्याच्या यादीत जो पहिला होता तो घेतला. घेतल्यावर फोन करून सांगितलं, एखाद्या मुलीने परीक्षेचा निकाल सांगावा तसं. चार महिने रोज दुपारी एकेक गुंडाळी उलगडून, इस्त्री फिरवून, तुकड्यातुकड्याने स्कॅन करून तिने सगळं आत भरलं आणि कागद रद्दीत दिले. "दुसरीकडे एक प्रत ठेवायची असते ना?" तिने विचारलं होतं. "येतो मी एखाद्या रविवारी, लावून देतो," तो म्हणाला होता. असे किती रविवार गेले ते त्याने मोजले नाहीत. बाकी सगळं मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

यंत्रांची परीक्षणं लिहिणाऱ्या वेबसाइटच्या ऑफिसात त्याला थर्मामीटर म्हणत. लांबून उष्णता मोजायची छोटं पिस्तूल त्याच्या खिशात असे, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापले डबे त्याच्यापुढे धरून विचारत, बघ रे, किती गार झालंय. स्वस्तातली यंत्रं तोलणं हे त्याचं काम. लाखांतले लाडके संगणक दुसरे लोक बघत. याच्या वाट्याला ते चिमुकले, पुस्तकाएवढे डबे, जे पडद्यामागे चिकटवून टाकले की दिसतही नाहीत. तो प्रत्येकाला सारख्याच कसोट्या लावी. सुरू व्हायला किती सेकंद. एकाच वेळी वीस पानं उघडली तर दम लागतो का. पंख्याचा आवाज हातभर अंतरावरून किती. सलग अर्धा तास राबवला तर वेग किती पडतो, अंग किती तापतं. वीज किती खातो. आणि मग हे सगळे आकडे तो एका वाक्याच्या ताटात वाढी: 'किमतीच्या मानाने उत्तम'. या तीन शब्दांवर त्याचं घर चाललं होतं. किमतीच्या मानाने आवाज कमी. किमतीच्या मानाने वेग बरा. या किमतीत याहून अधिक मागणं हा आपलाच हावरेपणा. या शब्दांत एक मोठी सोय होती: वस्तूचा दोष तिच्या अंगावर न राहता हळूच घेणाऱ्याच्या खिशाकडे सरकत असे. तू एवढेच दिलेस, मग एवढंच मिळणार. यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. उलट गरिबाची बाजू घेणारा माणूस अशीच त्याची स्वतःबद्दलची समजूत होती, आणि वाचकांची पत्रंही तसंच सांगत.

पत्रं. तिथेच तर पाणी मुरत होतं. लेख वेबसाइटवर आल्यावर काही आठवड्यांनी एका निवृत्त शिक्षकाचं पत्र ई-मेलने आलं होतं. 'आपला लेख वाचून सदर यंत्र घेतले. कुतूहलाने उघडून पाहिले असता, आपण वर्णिलेली साठवणीची पट्टी आत नाही. छायाचित्र सोबत जोडले आहे. आपणास आलेले यंत्र आणि आम्हास आलेले यंत्र निराळे आहे काय, याचा खुलासा व्हावा.' हे पत्र त्याने लिफ्टची वाट बघत फोनवर वाचलं. छायाचित्रात हीच कोरी हिरवी पट्टी, हाच वाकडा बारकोड. कळायला काय लागतंय! तपासणीसाठी पाठवलेल्या डब्यात चांगला माल, दुकानातल्या डब्यात मिळेल तो. असं होतं, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणूनच दुकानातून एक डबा विकत आणून पुन्हा उघडून बघायचा, असा त्यांच्याकडे नियम होता. महागड्या यंत्रांसाठी तो पाळलाही जाई. त्याने कंपनीच्या माणसाला फोन केला. "पुरवठा बदलत असतो सर," कंपनीचा माणूस मधाळपणे म्हणाला, "कामगिरीत फरक नाही." आणि यानेही ते मानलं, कारण मानलं की काम संपत होतं. लिफ्ट आली. पत्रावर त्याने पिवळा तारा लावला, सवडीने बघू. पुढे आणखी तीन पत्रं आली. त्यांनाही तारे लागले. लेखातले गुण तसेच राहिले, यादीतला पहिला नंबर तसाच राहिला, आणि ते पहिलं पत्र आल्यानंतर एकोणीस दिवसांनी ताईने डबा घेतला.

ताईकडून परतताना बसमध्ये बसून त्याने फोनवर ती तारीख शोधली. एकोणीस दिवस. आधी घेतला असता तर? तर तो नुसता फसलेला माणूस ठरला असता, तिच्यासारखाच, आणि दोघांनी मिळून कंपनीला लाखोली वाहिली असती. मधल्या एकोणीस दिवसांनी त्याला पलीकडच्या काठावर नेऊन ठेवलं होतं. त्यातल्या कुठल्याही एका दिवशी चार ओळींची टीप टाकली असती तर ताईने ती वाचली असती. त्याचं लिहिलेलं ती टिपांसकट वाचे. त्या एकोणीस दिवसांत आपण काय काय केलं ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. दाताच्या डॉक्टरकडे गेलो. एका पंख्याविना चालणाऱ्या डब्यावर लिहिलं. बायकोशी पडद्यांच्या रंगावरून अबोला धरला आणि सोडला. साधे, बिनगुन्ह्याचे दिवस. समोरच्या सीटवर एका माणसाच्या शर्टाचा खांदा घसरलेला होता, आणि तो खांदा त्याला बघवेना. शर्टाचे खांदे नीट बसलेत की नाही हे बघायची सवय त्याला ताईनेच लावलेली. त्याच्या शाळेचे शर्ट तीच शिवी. ती तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, हा आठ-नऊचा. टेप छातीभोवती आली की हा हळूच श्वास भरून छाती फुगवी. शर्ट मोठा निघावा, आपण मोठे दिसावं. ताई थांबून राही. टेप आवळत नसे, ओरडत नसे, नुसती थांबे. "सोड," ती म्हणे. "श्वास सोड. फुगवलेल्या मापाचा शर्ट अंगावर लोंबतो. मग मलाच उसवावा लागतो." आणि तो किती वेळ धरून ठेवणार! कधीतरी श्वास सुटेच, आणि मगच ताई आकडा वाचे. तपासणीला आलेल्या त्या डब्यानेही छाती फुगवली होती. त्याने थांबायला हवं होतं. तो आकडा लिहून मोकळा झाला.

सोमवारी त्याने ती पट्टी मेलेल्या यंत्रांतून फायली काढून देणाऱ्या एका कारागिराकडे नेली. कारागिराने डोळ्याला भिंग लावलं, पट्टी उलटीपालटी केली, यंत्राला जोडून पाहिली आणि हळहळत च्च च्च केलं. "चिपच गेलीय हो. रद्दी मालातली चिप पुसून पुन्हा लावलेली दिसते. यातून काही निघायचं नाही." गरम होऊन गेली असेल का, असं याने विचारलं. का विचारलं देव जाणे. कारागिराने भिंग वर केलं. "गरम? छे! ही बर्फात ठेवली असती तरी गेली असती." म्हणजे शेवटची पळवाटही बुजली. बाहेर येऊन तो फुटपाथवर उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली, कारण 'हो, गरमीने गेली' हे उत्तर मिळावं अशी आशा धरून तो आत गेला होता. म्हणजे काय, तर ताईची चूक असावी अशी आशा.

ऑफिसात त्याने टीप लिहिली. बाजारात मिळणाऱ्या यंत्रांत वेगळी, कमी प्रतीची पट्टी आढळली आहे. गुण मागे घेत आहोत. लिहायला दहा मिनिटं लागली. संपादकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली. बाई वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "हे कधी कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "परवा." बाईंनी मान डोलावली. "मग ठीक. तळाला टाका." परवा! जीभ इतकी सरावली होती की तिने विचारायचीही तसदी घेतली नाही. जागेवर येऊन त्याने पिवळे तारे असलेली चार पत्रं उघडली, आणि शेवटचं पत्र त्याने यापूर्वी पूर्ण वाचलंच नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं. एका छोट्या वाचनालयाच्या बाईंचं होतं. सभासदांची नोंद गेली, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि पुढे, 'आमचीच काही हाताळणीत चूक झाली असावी, तरी मार्गदर्शन करावे.' ती ओळ त्याने पुन्हा वाचली. मोडक्या वस्तूसमोर माणसं आधी स्वतःलाच तपासून बघतात. स्वस्त वस्तू घेणारी तर जास्तच. आपण कमी दिलं याची लाज त्यांच्या मनात आधीपासूनच असते. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं कुणी आणि खवखव कुणाला!

त्या आठवड्यात ताईचे दोन फोन आले. डब्याचं काय झालं हे तिने एकदाही विचारलं नाही. पहिला फोन त्याचा खोकला बरा झाला का हे विचारायला. दुसरा, रविवारी जरा येशील का म्हणून. पोहायला शिकवणाऱ्या बाई माप द्यायला येणार होत्या, ताईचा चष्मा दुरुस्तीला गेलेला, टेपवरचं ती डोळ्याजवळ धरून कसंबसं वाचेल पण लिहिणार कोण? "तू पडद्याबाहेर बस. मी आकडे सांगते, तू वहीत लिही. कागदी वहीत हो," ती म्हणाली, आणि हसली. हसताना तिला वाईट वाटत होतं ते त्याला ऐकू आलं. "कसंबसं तयार केलंय त्यांना. तीनदा नाही म्हणाल्या."

रविवारी सकाळी तो लवकर गेला. खोलीच्या मध्यभागी ताईने जाड पडदा ओढलेला होता. पडद्याअलीकडे खुर्ची, वही, पेन्सिल. तो डबा मशीनशेजारच्या टेबलावर जिथल्या तिथे होता. त्याच्यावरची धूळही कुणीतरी पुसली होती. छताखाली गुंडाळ्या टांगायच्या खिळ्यांची रांग नुसतीच दिसत होती. पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या तेव्हा त्याने मान वर केली नाही, ताईने तसं बजावलंच होतं. करड्या चपला आणि लांब, ठाम पावलं तेवढी दिसली. पावलं पडद्याशी येऊन थांबली. बराच वेळ थांबली. मग आत गेली. कपड्यांची सळसळ, एक क्लिप काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही. छातीच्या एका बाजूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या तलावाच्या काठावर पूर्ण कपड्यांत उभ्या राहून शिकवत, पाण्यात उतरत नसत, हे ताईने त्याला फार पूर्वी सांगितलं होतं. त्यांच्यासाठी तिने पोहायचा एक वेगळा पोशाख बेतला होता, आणि तो घालून त्या सहा वर्षांनी पाण्यात उतरल्या होत्या. तो पोशाख आता विरला होता.

"मागचं माप चाललं नसतं का?" पडद्याआडून बाईंचा आवाज आला. रागावलेला नव्हता. म्हणूनच फार वाईट वाटला. "तुम्ही म्हणाला होतात, एकदाच."

"म्हणाले होते," ताई म्हणाली. "माझंच चुकलं हो. एवढी मोठी झाले आणि चालत्या यंत्राला कापसाचं कव्हर घालून बसले. माझ्या त्या नसत्या हौसेपायी तुम्हाला परत..." मग खाकरून, कामाच्या आवाजात: "हात जरा वर. हं. श्वास सोडा. नाही, सोडा पूर्ण. मी थांबते."

आणि ती थांबली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना शांतता होती, आणि त्या शांततेत त्याच्या लक्षात आलं की श्वास त्यानेही धरून ठेवला आहे. पेन्सिलीचं टोक वहीवर टेकलेलं होतं आणि तिथे एक काळा ठिपका मोठा होत चालला होता. आता नाही बोललो तर हे वाक्य ताई एकशे सव्वीस वेळा म्हणणार. पुन्हापुन्हा म्हणून ते खरं होणार. शेवटी तिलाच ते आठवेल: कव्हर चालू डब्यावर राहिलं होतं.

"कव्हरमुळे नाही गेलं," तो म्हणाला.

त्याचा आवाज त्याला परका वाटला, पण आता थांबता येत नव्हतं. "कव्हरचा काही संबंध नाही. आतला मालच खोटा होता. आणि मला माहीत होतं. तू घ्यायच्या आधी एकोणीस दिवस मला माहीत होतं. एका माणसाने पत्र लिहून कळवलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, गुण बदलले नाहीत. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हाही मी..." इथे शब्द संपले. त्याला वाटलं, आता 'कामाच्या गडबडीत' असं काहीतरी येईल, नेहमीसारखं, सांभाळून घेणारं. आलं नाही.

मग टेप सरकल्याचा आवाज झाला.

"पाठीची उंची," ताई म्हणाली. "साडेपंधरा. लिही."

त्याने लिहिलं. "डावीकडे खांद्यापासून खाली, साडेनऊ. उजवीकडे, सव्वाआठ." त्याने लिहिलं. सतरा आकडे तिने सांगितले, एकाच आवाजात, आणि प्रत्येक आकड्यानंतर 'लिहिलंस?' म्हणून विचारलं, आणि प्रत्येक वेळी त्याने हो म्हटलं. रागावली असती, टेप फेकून बाहेर आली असती, तर बरं झालं असतं. पडद्यामागे क्लिप पुन्हा लागली, कपडे सळसळले. करड्या चपला त्याच्या खुर्चीपाशी येऊन थांबल्या.

"किती गुण दिले होतेत तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"साडेआठ," तो खाली बघतच म्हणाला. "दहापैकी."

"हं," बाई म्हणाल्या. थोडं थांबून, ताईकडे वळून: "पोशाख कधी मिळेल?" ताई म्हणाली पंधरा दिवसांत. दार लागलं. लांब, ठाम पावलं जिन्यावरून उतरत गेली.

ताईने पडदा ओढून बाजूला केला. तिचे डोळे कोरडे होते. तिने चिंध्यांच्या टोपलीतून ते उसवलेलं कव्हर काढलं, हातात धरून त्याच्या शिवणीच्या भोकांवरून बोट फिरवलं. "हे उसवताना मी स्वतःला काय काय बोलले ते तुला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि तू इथे बसून चहा प्यायलास." तिने ड्रॉवरमधून यादी काढली, तिच्या मोठ्या, गोल अक्षरातली, आणि त्याच्यापुढे वहीवर ठेवली. वरच्या चौदा जणांपुढे बरोबरच्या खुणा होत्या.

"या चौदा जणांना मी सांगितलंय की चूक माझी. त्यांना आधी फोन कर. बाकीच्यांना माप द्यायला बोलवायचंय, तेही तूच बोलवायचंस. दर रविवारी इथे या खुर्चीत बसायचंस, आणि येईल त्या माणसाला, कपडे काढायच्या आधी, का काढावे लागतायत ते तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"ताई..."

"मला आत्ता काही सांगू नकोस. मला राग आलाय आणि अजून बराच यायचाय." ती मशीनपाशी जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. भिंतीवरचं ते पान तिच्या डोक्यावरच होतं. तिने ते काढलं नाही. मशीनही सुरू केलं नाही.

त्याने फोन घेतला. यादीत पहिलं नाव घड्याळवाल्या काकांचं होतं. बराच वेळ रिंग वाजली, मग कुणीतरी फोन उचलून आधी पाडला, मग पुन्हा उचलला.

"काका, मी टेलरबाईंचा भाऊ बोलतोय. तुमच्या मापांबद्दल. चूक तिची नव्हती."

"काय?"

"चूक तिची नव्हती, माझी होती."

"ऐकू येत नाही. मोठ्याने बोला, मोठ्याने!"

खिडकी उघडी होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी विसळत होतं. त्याने खुर्ची मागे सारली, उभा राहिला, होता नव्हता तेवढा श्वास भरून घेतला आणि सोडला.

"माझी चूक!" तो ओरडला. "यंत्र खराब होतं! मला माहीत होतं!"

वरची भांडी थांबली. ताईची पाठ हलली नाही. फोनमध्ये नुसती घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती, कितीतरी घड्याळांची, प्रत्येकाची वेगळी.

"माहीत होतं?" काका म्हणाले. "मग तिने का सांगितलं, चूक तिची म्हणून?"